एक गिलास कमी

बिछायत केंद्रात दोनशे खुर्च्या होत्या, पण भाऊ कधी खुर्चीवर बसलेला मी पाहिला नाही. घडी केलेल्या सतरंज्यांच्या ढिगावर मांडी घालून बसायचा. विचारलं तर म्हणायचा, "खुर्ची भाड्यानं जाते. मी बसलो तं झिजते."

भाऊ म्हणजे माझा मालक. साकोलीला बस स्टँडच्या मागं, हमरस्त्याला लागून त्याचं टिनाचं गोदाम होतं. लग्नाला लागणारं सगळं तिथं मिळायचं. मांडवाच्या बल्ल्या, कापडी छत, कनाता, सतरंज्या, स्वयंपाकाचे मोठाले गंज, झारे, पराती आणि भंडाऱ्याहून आणलेले पितळी गिलास. प्रत्येक गिलासाच्या बुडाला खिळ्यानं ठोकलेल्या तीन टिकल्या, एका रांगेत. ती आमची खूण. त्या गिलासांपायी साऱ्या तालुक्यात भाऊचं नाव खराब होतं. कोणाचंही लग्न असो, भाऊ शेवटच्या पंगतीला जेवायला येणार, आचाऱ्यांच्या शेजारी पत्रावळ मांडून बसणार, बुंदी बोटानं दाबून पाहणार, आणि हात धुऊन झाले की भर मांडवात ओरडणार, "एक गिलास कमी भरून राह्यला!"

लोक म्हणायचे, असला कंजूस माणूस भंडाऱ्यापासून देवरीपर्यंत मिळायचा नाही.

मी त्याच्याकडे आलो तो लग्नासाठी नव्हे. आमचा मुलूख दूर, सांगोल्याच्या पलीकडं. आठवीत असताना शाळा सुटली आणि पुढं दुष्काळाच्या साली रस्त्याचं काम घेणाऱ्या एका ठेकेदाराबरोबर मी बाहेर पडलो. गिट्टी फोडत फोडत आम्ही इतक्या लांब आलो की लोकांचं बोलणंसुद्धा अर्धं कळेना. साकोलीत मला हिवताप झाला. ठेकेदाराची टोळी पुढं रायपूरच्या बाजूला निघून गेली आणि मी भाऊच्या गोदामाच्या ओसरीवर पडून राहिलो. दुसऱ्या दिवशी डोळे उघडले तर छत्री घेतलेला एक काळासावळा माणूस माझ्याकडं वाकून पाहत होता. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता, तरी छत्री उघडी.

"कोणता गाव?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. त्याला काही अर्थबोध झाला नाही.

"म्हणजे पाव्हणा," तो म्हणाला. "हात धु. मंग सतरंजीले हात लाव. मळक्या हातानं नाई."

एवढ्यावर माझी नोकरी ठरली. पुढं अकरा-बारा वर्षं त्यानं मला पाव्हणा याच नावानं हाक मारली. मला त्यात सुख कमी आणि धाकच जास्त वाटायचा. पाहुणा कधीतरी जायचाच असतो. पहिली दोन वर्षं मी रोज सकाळी उठल्याबरोबर माझी पत्र्याची ट्रंक आवरून, कुलूप घालून दाराशी ठेवत असे. आज 'जा' म्हणाले तर खोळंबा नको. भाऊ जाता-येता त्या ट्रंकेकडं पाहायचा.

त्या काळात साकोलीत चार पैसे असलेली माणसं दानधर्म करायची नाहीत असं नाही. एका राईस मिलवाल्यानं स्टँडवर पाणपोई बांधली होती. तिच्यावर त्याचं, त्याच्या वडिलांचं आणि मिलचं नाव इतक्या मोठ्या अक्षरात होतं की नळ शोधावा लागे. दुसऱ्या एकानं शाळेला पंखे दिले आणि तिन्ही पात्यांवर नाव घातलं. पंखा सुरू झाला की नाव दिसेना, म्हणून साहेब येणार असले की पंखा बंद ठेवत. भाऊला याचं फार नवल वाटे. "हवा देली का नाव देलं?" असं म्हणून तो सुपारी कातरत बसायचा.

एकदा शाळेत मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं शिबिर झालं. आठ दिवस मांडव, कनाता, पेशंटांच्या नातेवाइकांसाठी गंज-पराती, सगळं भाऊचं. शेवटच्या दिवशी डॉक्टर लोकांनी त्याला हार घालायला स्टेजवर बोलावलं. भाऊ गेला. हार पुढं आला तेवढ्यात तो खाली वाकला आणि प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीखालची सतरंजी उचलून बघू लागला.

"अजी साहेब, पाय घ्या बरं. इथं आयोडीन सांडवलं कोणी? हा डाग कोण काढन?"

पाहुण्यांनी पाय वर घेतले. भाऊ सतरंजीची गुंडाळी करत करत स्टेजवरून उतरला तो उतरलाच. हार शेवटी हेडमास्तरांच्या गळ्यात पडला.

त्याची खरी तऱ्हा मला उमगायला दोन सीझन गेले. चैत्र-वैशाखात काही तारखांना भाऊ सकाळी स्वतः बैलगाडी जुंपायला लावायचा आणि 'पहिली गाडी' म्हणून ओरडायचा. पहिल्या गाडीत दरवर्षी नागपूरहून आणलेलं नवंकोरं छत असायचं, पोचे न पडलेले गंज असायचे. मोठ्या घरची लग्नं दुसऱ्या गाडीवर. मला वाटायचं, पहिली गाडी म्हणजे मोठं गिऱ्हाईक. पण ती गाडी जायची ती जंगलाच्या अंगाला, कुडाच्या भिंतींच्या घरी. भाऊ आधी कधीतरी तिथं जाऊन आलेला असायचा. जाऊन काय म्हणायचा, ते मी एकदा ऐकलं.

"तुह्या पोरीची तारीख कोणती? अरे बाप्पा! त्या दिवशी माह्या बल्ल्या खाली पडून आहेत. उधई लागते त्यायले. गाडून टाक तुह्या दारात. मोकळ्या राह्यल्या तं माहंच नुकसान."

आणि लग्नाच्या दिवशी तिथं, त्याच कुडाच्या घरासमोर, पाहुण्यांनी भरलेल्या मांडवात, त्या बापावर तो सगळ्यात जास्त ओरडायचा. सतरंजीला हळद लागली म्हणून, गंज उलटा ठेवला म्हणून आणि तो एक गिलास कमी म्हणून. बाप हात जोडून म्हणायचा, "हाव भाऊ, एकूण एक भरून देतो." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एका हातानं देतो आणि दुसऱ्या हातानं माणसाची अब्रू काढतो, हे काय देणं झालं? मनात मी त्याच्यावर रागवायचो आणि त्याच्याच सतरंज्यांवर झोपायचो.

मग त्या लग्नाची गोष्ट घडली.

साकोलीहून चार कोसांवरचं गाव. नवरीचा बाप धानाची दोन बांधी कसणारा, साधा माणूस. वऱ्हाडी बरेच दुरून आले होते आणि त्यांचा एक मामा होता, पांढरीफेक टोपी, आवाज चढा. उन्हाची वेळ, वऱ्हाडाची पंगत बसलेली. नवरीचा बाप स्वतः वरणाची बादली घेऊन वाढत होता. मी पाणी वाढत होतो. त्या दिवशी शेवटच्या पंगतीआधीच भाऊ मांडवाच्या मधोमध उभा राहिला, छत्री काखेत, आणि सुरू झाला.

"गिलास मोजून देले, मोजून घेईन! मांगं एका लग्नात दोन गेले माहे!"

मामानं पत्रावळीवरून मान वर केली. "कायचा माणूस आहे हा तुमचा मालक?" तो मला म्हणाला. "लग्नघरी एका गिलासासाठी बोंबलून राह्यला. असल्याच्या हातचं पाणी पिऊ नोये."

दोन वर्षं मी त्या माणसाचं मीठ खात होतो. तापात त्यानं मला पेज पाजली होती. गावभर त्याला कंजूस म्हणतात ते मी गिळत आलो होतो. त्या दिवशी मला गिळवलं नाही.

"मामासाहेब, तसं नाही हो," मी म्हणालो. "आमचे भाऊ देवमाणूस आहेत. या लग्नाचा त्यांनी एक पैसासुद्धा घेतलेला नाही. सगळं फुकट दिलंय."

मला वाटलं, मामा चकित होईल, भाऊला हात जोडेल. मामानं पत्रावळीतून हात काढून घेतला.

"म्हणजे? हा मांडव धर्माचा?"

त्याच्या शेजारच्यानं हात थांबवला. मग त्याच्या शेजारच्यानं. मामा उठून उभा राहिला आणि नवरदेवाच्या बापाला म्हणाला, "अजी भाऊजी, उठा. दान मांगून लग्न लावून राह्यले हे. उद्या तुमच्या सुनेले लोक काय म्हणतीन?"

नवरीचा बाप पंगतीच्या मध्ये उभा होता. हातातल्या पळीतलं वरण थेंब थेंब त्याच्याच पायावर पडत होतं आणि ते त्याच्या लक्षात नव्हतं. आतल्या खोलीच्या दारात बायका गोळा झाल्या. तेव्हा मला समजलं, मी काय केलं ते. दोन वर्षं भाऊ कशासाठी ओरडत होता तेही त्याच क्षणी समजलं.

भाऊ सावकाश चालत आला. माझ्याकडं त्यानं एकदाच पाहिलं. मग मामाकडं वळून हसला.

"फुकट? मी? अजी, मले ओळखता का तुमी? कोणालेही विचारा साकोलीत. मी माह्या बापाले फुकट सतरंजी नाई देल्ली."

पंगतीत कोणीतरी खुदकन हसलं.

"यायनं बोली झाली त्याच दिवशी रोख मोजले," नवरीच्या बापाकडं बोट करून भाऊ म्हणाला. "हा नोकर सातवी नापास. याले धंद्यातलं काय समजते? विचारा यालेच. बोल बे! तुह्यासमोर झाला का व्यवहार?"

सगळे माझ्याकडं पाहत होते. मी नवरीच्या बापाच्या पायावरच्या वरणाकडं पाहत होतो.

"नाही," मी म्हणालो. "मला काही माहीत नाही. मालकाची मोठाई सांगायला मी खोटं बोललो."

"असा नोकर ठेवता तुमी?" मामा म्हणाला.

"ठेवतो कुठं? काढला. आत्ताच. चाल, हो बाहेर!" आणि लगेच, दम न घेता, भाऊ नवरीच्या बापावर उलटला. "तुमी काय पाहून राह्यले? मी मोजले गिलास. एक कमी आहे!"

मी कनातीपाशी पोचलो होतो. मागं जे ऐकलं ते अजून कानात आहे. तो गरीब बाप, जो इतका वेळ 'हाव भाऊ, हाव भाऊ' करत होता, तो पळी बादलीत आपटून ओरडला, "कमी कसा आहे? तुमच्याच गाडीत असन! नीट डोये उघडून पाहा न! पैसे मोजले म्या, चोरी नाई केली!"

आणि मामा, तोच मामा, खाली बसता बसता म्हणाला, "बरोबर आहे त्यायचं. एका गिलासासाठी लग्नघरच्या बापाले कायले छळता जी? वाढा हो वरण."

पंगत पुढं सुरू झाली.

मी चार कोस पायी साकोलीला आलो, दाराशी ठेवलेली ट्रंक उचलली आणि स्टँडवर जाऊन बसलो. नागपूरची गाडी धरायची, मग पुढं बघू. घरी जाऊन काय सांगायचं, हे मनात जुळवत होतो आणि जुळत नव्हतं. दिवस कलल्यावर शेजारी कोणीतरी बसलं. छत्री दिसली.

"पाव्हण्या, तुले काढलं," भाऊ समोर पाहत म्हणाला.

"हो."

"खरंच काढलं. त्या गावचे लोक इथं बाजारले येतेत. तू दुकानात दिसला तं त्या पोरीच्या सासरी गोष्ट पोचन."

"हो. चाललोच आहे."

"कुठं चालला? अड्याळची गाडी सहाले आहे. माही बहीण आहे तिथं. तिच्याकडे फाटक्या कनाता टाकून ठेवल्या आहेत. दाभण घे, सुतळी घे, शिव. दिवाळीलोक इथं तोंड दाखवू नोको."

त्यानं खांद्यावरच्या झोळीत हात घातला, पितळी गिलास काढला, पाणपोईचा नळ शोधून भरून आणला आणि माझ्या हातात दिला. बुडाला बोट लागलं. तीन टिकल्या, एका रांगेत. कमी भरलेला गिलास तो हाच. रोज झोळीत हाच असायचा.

"खोटं चांगलं बोलला तू," तो म्हणाला. "माह्यापेक्षा चांगला. सातवी नापास म्हणलं, वाईट वाटलं का?"

"मी सातवी पास आहे," मी म्हणालो. "आठवीत सोडली."

"अरे! मंग तं माही चुकीच झाली." त्यानं मान हलवली. "ते दुरुस्त करू."

अड्याळला त्याच्या बहिणीचं घर बाजाराच्या गल्लीत होतं. तिला सगळे बाई म्हणत. विधवा, तोंडाची फटकळ, भावासारखीच. मी अंगणात कनाता शिवायचो आणि ती तांदूळ निवडता निवडता माझे टाके तपासायची. "हा टाका आहे का विंचू?" असं म्हणून उसवायला लावायची. एके दिवशी मी तिला विचारलं, भाऊ लोकांना देतो तर गोड बोलून का देत नाही?

तिनं सुपातला एक खडा वेचून अंगणात फेकला.

"माह्या लग्नात एका शेठनं भांडे देले होते," ती म्हणाली. "गोड बोलला थो. लय गोड. भर पंगतीत उभा राहून सांगतलं, ही गरिबाची लेक, माह्याकडून हे पुण्य. लोकायनं टाळ्या वाजोल्या. मंग सासरी मी जवा जवा तोंड उघडलं, तवा सासू म्हणे, तू बोलू नोको, तू शेठच्या गंजातली. बावीस वर्सं आयकलं म्या थे. सासू मेली तवा थांबलं. माहा भाऊ तवा दहा वर्साचा होता. टाळ्या त्यानंबी वाजोल्या होत्या."

मग सूप आपटून म्हणाली, "शिव लवकर. बोलण्यात टाका वाकडा जाते."

दिवाळीनंतर मी साकोलीला परतलो. ट्रंक मी स्टँडवरून भाऊच्याच हवाली करून गेलो होतो. बघतो तर ती गोदामात आतल्या भिंतीला लावलेली, कुलूप काढलेलं, आणि आत मांडवाच्या झालरी ठासून भरलेल्या. माझे दोन कपडे खुंटीला टांगलेले.

"रिकामी दिसली, भरली," भाऊ म्हणाला. त्यानंतर ती ट्रंक मला कधी परत मिळाली नाही. मी मागितलीही नाही.

बदल झाला तो इतकाच की पुढं तो माझी ओळख करून देताना 'हा पाव्हणा, सातवी पास' असं म्हणू लागला. तहसीलदारांनाही तसंच, चिखल्याच्या खाणीतल्या मुकादमालाही तसंच. मुकादमानं एकदा चेष्टेनं विचारलं, सातवीत कोणता नंबर? भाऊ म्हणाला, "नंबर त्यानं सांगतला नाई. गर्व नाई त्याले."

माझंही लग्न याच मुलखात झालं. माझ्याकडचं कोणी येऊ शकलं नाही, आई थकली होती, वाट लांबची. मी मांडवाबद्दल भाऊशी एक अक्षर बोललो नव्हतो. सकाळी उठून बघतो तर पहिली गाडी दारात, त्या वर्षीचं कोरं छत उलगडलेलं. मला रडू यायला लागलं, तेवढ्यात सासरच्या मंडळींसमोर भाऊ कडाडला, "पाव्हण्या, नोकर असशीन तं दुकानात. इथं गिऱ्हाईक आहेस. एक गिलास कमी भरला तं तुलेही सोडणार नाई!"

"मोजून घेतले मी!" मीही तितक्याच जोरात ओरडलो. "पोचे पडलेले किती दिले ते आधी सांगा!"

सासरे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "असल्या माणसाजवळ दिवस कसे काढता जी?"

"काय करणार मामाजी," मी म्हणालो, "पोट आहे."

भाऊनं शेवटच्या पंगतीला बुंदी दाबून पाहिली आणि कच्ची आहे म्हणून सांगितलं. ती कच्ची नव्हती.

भाऊ गेला तेव्हा धानाची मळणी चालली होती. आमच्याकडं पितळ जाऊन स्टील आलेलं होतं. भंडाऱ्याचे गिलास मोडीत गेले, झोळीतलासुद्धा. आपल्या तेरवीला दारात एकही बल्ली गाडायची नाही, माल सगळा गिऱ्हाइकाकडे गेला पाहिजे, असं त्यानं बजावून ठेवलं होतं, म्हणून लोक उन्हातच बसले. दुरदुरून आले होते. जंगलाच्या अंगाची माणसं बरीच होती. कोणी आभाराचं बोललं नाही. जो तो एवढंच म्हणायचा, "माह्या पोरीच्या लग्नात लय भांडले होते भाऊ." आणि दुपट्ट्यानं डोळे पुसायचा.

उन्हं उतरत आली तेव्हा एक म्हातारा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी ओळखलं. वरणाची पळी हातात नव्हती, एवढंच. त्यानं दुपट्ट्याची गाठ सोडली. आत पितळी गिलास होता, चिंचेनं घासून लख्ख केलेला. मी तो उलटा केला. बुडाला तीन टिकल्या होत्या, खिळ्यानं नव्यानं ठोकलेल्या. आमच्या एका रांगेत असायच्या. या त्रिकोणात होत्या.

"थो कमी भरलेला," तो हळूच म्हणाला.

आजूबाजूला माणसं होती. त्यांत त्याच्या पोरीच्या सासरचं कोणी होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही. मला आभार मानायचे होते, त्याच्या पाया पडायचं होतं, त्या दिवसाबद्दल माफी मागायची होती.

"इतकी वर्षं कुठं ठेवला होता?" मी मोठ्यानं ओरडलो. "माणूस गेल्यावर आणता? धंदा असा चालतो का?"

म्हाताऱ्याची मान ताठ झाली. "तुमच्याच गाडीत होता!" तोही ओरडला. "म्या तवाच सांगतलं होतं! आयकलं कोणी?"

सगळे वळून पाहू लागले. अंगणाच्या टोकाला अड्याळच्या बाई बसल्या होत्या, सकाळपासून तोंडावर पदर घेऊन. त्यांनी पदर तोंडावरून काढला.

"भांडत कायले बसले?" त्या म्हणाल्या. "मोजून घे रे, सातवी पास."

मी गिलास हातात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मोजला. "एक."